कानातला खडा

ढोमा साफ करायला घेतला, की डोकं चिरताना विळी मध्येच अडते. आत दोन पांढरेशुभ्र खडे असतात. चिनी मातीच्या तुकड्यासारखे गुळगुळीत, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने खाचदार. घरी मासे साफ होत असले की आम्ही मुलं त्या खड्यांची वाट बघत बसायचो. ते धुऊन, वाळवून काड्यापेटीत ठेवायचो. माशाच्या डोक्यात दगड कशाला, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नव्हता.

ते खडे म्हणजे माशाच्या कानाचा भाग. माशाला बाहेरून दिसणारा कान नसतो. कवटीच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना द्रवाने भरलेल्या इवल्या कप्प्यांत हे खडे असतात आणि त्यांच्यामुळेच माशाला पाण्यातला आवाज कळतो, स्वतःचा तोल कळतो. मासा वाढतो तसा खडाही वाढतो. कॅल्शियम कार्बोनेटचा एकावर एक थर त्याच्यावर चढत जातो. खवला गळून नवा येतो, हाडांची झीज होते आणि भर पडते, पण खड्यावर एकदा बसलेला थर सहसा उतरत नाही. म्हणून खड्याचा पातळ काप काढला, की खोडाच्या कापात दिसतात तशी वलयं दिसतात. ती मोजली की माशाचं वय कळतं. ढोम्याच्या खड्यात अशी वलयं थोडीच असतात, कारण त्याचं आयुष्य काही वर्षांचं.

या प्रकरणातली गोष्ट दुसऱ्या एका माशाच्या खड्याची आहे. तो मासा आपल्याकडे मिळत नाही. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या आसपास, सूर्यप्रकाश पोचत नाही अशा खोल पाण्यात तो राहतो. त्याचा खडा नीट वाचायला माणसाला सुमारे बारा वर्षं उशीर झाला. तेवढ्या उशिरात जे घडलं, त्यातून खोल समुद्रातल्या मासेमारीचे आजचे बरेच नियम जन्माला आले.

टेकडीवरची गर्दी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटापासून पूर्वेकडे समुद्राखाली एक रुंद कणा गेला आहे. लांबी हजार किलोमीटरच्या घरात. त्याला चॅटम राइझ म्हणतात. त्याच्या उतारांवर ज्वालामुखीतून तयार झालेल्या लहानमोठ्या टेकड्या आहेत आणि त्यांचे माथेही समुद्राच्या पृष्ठभागापासून सातशे, आठशे, हजार मीटर खाली आहेत. १९७८ मध्ये न्यूझीलंडने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र जाहीर केलं. सुमारे ४० लाख चौरस किलोमीटरचं पाणी, देशाच्या जमिनीच्या पंधरापट, एकाएकी त्यांच्या ताब्यात आलं. त्यातला बराचसा भाग खोल होता. तिथे कोणते मासे आहेत आणि किती आहेत, हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

पुढच्याच वर्षी चॅटम राइझवर एका माशाची मोठी मासेमारी सुरू झाली. हॉप्लोस्टेथस अटलांटिकस हे त्याचं शास्त्रीय नाव रॉबर्ट कॉलेट या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाने १८८९ मध्येच दिलं होतं. इंग्रजीत त्याच्या कुळाला स्लाइमहेड म्हणत, म्हणजे बुळबुळीत डोक्याचे मासे. या नावाने कोणी मासा विकत घेणार नाही, हे व्यापाऱ्यांना कळत होतं. जिवंतपणी विटेसारखा लाल असलेला हा मासा मेल्यावर नारिंगी पडतो, म्हणून तो ऑरेंज रफी या नावाने बाजारात आला. लांबी सरासरी हातभर, डोकं मोठं, डोळेही मोठे. कातडीखाली मेणासारख्या तेलाचा थर असतो, तो माणसाला पचत नाही, म्हणून कातडीबरोबर तोही सोलून काढावा लागतो. त्याच्या आत मात्र घट्ट, पांढरं, उग्र वास नसलेलं मांस असतं. गोठवलं तरी ते बिघडत नाही. अमेरिकेतल्या हॉटेलांना आणि दुकानांना हवा होता तसाच हा मासा होता.

त्याची एक सवय त्याच्या जिवावर बेतली. एरवी विखुरलेले हे मासे दक्षिण गोलार्धातल्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्टच्या सुमारास, अंडी घालण्यासाठी ठरावीक टेकड्यांवर जमतात. जहाजावरच्या प्रतिध्वनियंत्राच्या पडद्यावर टेकडीच्या माथ्यावर धुराचा लोट उठावा तशी ती गर्दी दिसते. ऐंशीच्या दशकात जहाजांकडे उपग्रहाच्या मदतीने जागा नेमकी ठरवणारी साधनं आली, जाळं तळापासून किती उंचीवर आहे हे सांगणारी यंत्रं आली. दीड-दोन किलोमीटर पोलादी दोर सोडून जाळं नेमकं त्या लोटात उतरवायचं, काही मिनिटं ओढायचं आणि वर घ्यायचं. एकेका ओढीत कित्येक टन मासा येई, कधी पन्नास टनांच्या पुढेही. मासा इतका की जाळ्याच्या टोकाची पिशवी फाटल्याचे प्रसंगही घडत.

ऐंशीचं दशक संपता संपता एकट्या न्यूझीलंडची वार्षिक पकड ५० हजार टनांच्या पुढे गेली. १९८९ मध्ये टास्मानियाच्या पूर्वेला सेंट हेलेन्स नावाच्या टेकडीवर असाच लोट सापडला आणि १९९० मध्ये ऑस्ट्रेलियाची पकड ४० हजार टनांच्या आसपास पोचली. बंदरांत नवी जहाजं आली, गोठवणीचे कारखाने उभे राहिले, बँकांनी कर्जं दिली. या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत होती. ती म्हणजे, इतका मासा दिसतो आहे, तर तो दर वर्षी तयार होत असणार.

वय चुकलं

शास्त्रज्ञ हात बांधून बसले नव्हते. त्यांनी खडे काढले, अखंड खड्याच्या पृष्ठभागावरची वलयं मोजली आणि मोठ्या माशाचं वय वीस-तीस वर्षं धरलं. त्या काळी बहुतेक माशांचं वय असंच मोजत आणि उथळ पाण्यातल्या माशांसाठी ते पुरेसंही असे. फक्त हा मासा तसा नव्हता. वयात आल्यावर तो लांबीने जवळजवळ वाढायचाच थांबतो. खडा मात्र आतल्या बाजूने जाड होत राहतो आणि त्याची नवी वलयं एकमेकांना इतकी चिकटून असतात की बाहेरून दिसतच नाहीत.

ती पाहायची तर खडा राळेच्या ठोकळ्यात पक्का बसवावा लागतो. हिऱ्याची धार असलेल्या बारीक करवतीने त्याच्या गाभ्यातून आडवा काप घ्यायचा, प्रकाश पार जाईल इतका तो घासायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. गाभ्याजवळची वलयं रुंद, मोकळी दिसतात. मग एक पट्टा येतो, तिथून ती अचानक अरुंद होतात. हा माशाच्या वयात येण्याचा काळ. त्या पट्ट्याच्या पुढे काठापर्यंत बारीक रेघांची दाटी. मोजणाऱ्याची नजर थकते, पण रेघा संपत नाहीत. तीस, पन्नास, ऐंशी, शंभर.

ही प्रत्येक रेघ म्हणजे खरोखर एकेक वर्ष आहे का, हा वाद काही काळ चालला. १९९१ मध्ये टास्मानियातून ग्वेन फेंटन, स्टीफन शॉर्ट आणि डेव्हिड रिट्झ यांनी रेघा न मोजता वय काढून दाखवलं. समुद्राच्या पाण्यात रेडियम अत्यल्प प्रमाणात असतं. खडा बनताना त्यातला कण-कण खड्यात अडकतो आणि वर्षानुवर्षं फुटत फुटत त्याचं शिसं होत जातं. हे शिसंही किरणोत्सारी असतं आणि त्याचं अर्धआयुष्य सुमारे बावीस वर्षं असतं. खड्याच्या गाभ्यात रेडियमच्या मानाने हे शिसं किती साठलं आहे ते मोजलं, की गाभा किती जुना ते कळतं. साधारण ३८ ते ४० सेंटीमीटर लांबीच्या माशांचं वय आलं ७७ ते १४९ वर्षं. पुढे दोनशेच्या वरची वयंही नोंदली गेली. पेशवाई बुडाली त्या सुमारास जन्मलेला मासा एकविसाव्या शतकातल्या जाळ्यात येऊ शकतो, असा हा हिशेब आहे.

आयुष्यच एवढं लांब, म्हणून त्याला कसलीच घाई नाही. तो वयात येतो तिशीच्या आसपास. आपलं पापलेट साधारण वर्षभरात अंडी घालण्याजोगं होतं, हे शेजारी ठेवून बघावं. ऑरेंज रफीची मादी एका खेपेला काही दहा हजारांतच अंडी देते. समुद्रातल्या माशांच्या हिशेबात ही संख्या फार थोडी, कारण लाखांनी अंडी घालणारे मासे कितीतरी आहेत. शिवाय सगळ्याच माद्या दर वर्षी अंडी घालत नाहीत. निसर्गतः मरण्याचं प्रमाणही असंच संथ, वर्षाला शंभरातले चार-पाच. शेकडो वर्षं या माशाचं असंच चाललं होतं आणि ते व्यवस्थित चाललं होतं.

१९७९ ते १९९० या काळात पकडलेला जवळजवळ प्रत्येक ऑरेंज रफी मासेमारी सुरू होण्याच्या कितीतरी आधी जन्मलेला होता. त्या वर्षांत अंड्यातून बाहेर पडलेली पिल्लं वयात येऊन त्या टेकड्यांवर परत यायला २०१० उजाडणार होतं. टेकडीवरची गर्दी म्हणजे दर वर्षीचं पीक असं समजून कापणी चालली होती. प्रत्यक्षात ती शतकभर साठत आलेली पुंजी होती.

दोन टक्क्यांचा धंदा

मत्स्यव्यवस्थापनाचं मूळ तत्त्व आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. व्याज खावं, मुद्दलाला हात लावू नये. ऑरेंज रफीच्या बाबतीत हे व्याज किती? खऱ्या वयावरून हिशेब केला, तेव्हा उत्तर आलं की मासेमारीला हातही लागला नव्हता तेव्हा जेवढा साठा होता, त्याच्या साधारण दीड ते दोन टक्के. एक लाख टनांचा साठा असेल, तर वर्षाला दीड-दोन हजार टन. त्याहून जास्त काढलं, की मुद्दल घटायला लागतं.

इथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो या साऱ्या विषयाचा गाभा आहे. साठा दोन टक्क्यांनी वाढत असेल आणि बँकेत आठ टक्के मिळत असतील, तर निव्वळ पैशाचा विचार करणारा मालक काय करील? सगळा मासा आजच पकडून विकील आणि पैसे बँकेत ठेवील. कॉलिन क्लार्क या कॅनडातल्या गणितज्ञाने १९७३ मध्येच हे मांडून ठेवलं होतं. एखादा साठा एकट्याच्या मालकीचा असला, चोरीची किंवा स्पर्धेची भीती नसली, तरी तो फार सावकाश वाढणारा असेल, तर संपवून टाकण्यातच मालकाचा फायदा असू शकतो. क्लार्कच्या डोळ्यांसमोर देवमासे होते, पण त्याचं गणित ऑरेंज रफीला तंतोतंत लागू पडतं.

म्हणून “उद्योगाला मालकी द्या, तो आपोआप जपेल” हे वाक्य खोल पाण्यात पुरं पडत नाही. मालकी लागतेच. पण किती काढायचं ही मर्यादा माशाच्या वयावरून ठरली पाहिजे. ती बाजारभावावरून किंवा कर्जाच्या हप्त्यांवरून ठरली, तर मासा उरत नाही.

हक्काची वाटणी

या बाबतीत न्यूझीलंडने जे केलं त्याचा जगभर अभ्यास होतो. खोल पाण्यातल्या काही माशांसाठी १९८३ मध्येच मोजक्या कंपन्यांना पकडीचे वाटे देण्यात आले. १ ऑक्टोबर १९८६ पासून कोटा पद्धत देशभर लागू झाली. एका साठ्यातून वर्षभरात एकूण किती टन पकडायचे, हे सरकार ठरवतं. त्यातला हिस्सा ज्याच्या नावावर आहे, त्याने तेवढंच पकडायचं. हिस्सा विकता येतो, भाड्याने देता येतो. त्यामुळे दुसऱ्याच्या आधी पोचून जाळं टाकण्याची शर्यत थांबली. जहाजांची गर्दी कमी झाली. मासा कोणत्या महिन्यात आणि कोणत्या बाजारासाठी पकडायचा, हे कंपन्यांना शांतपणे ठरवता येऊ लागलं.

पण सुरुवातीला एक मोठी चूक झाली. हक्क टनांत दिले होते. एखाद्याला हजार टनांचा हक्क दिला आणि उद्या साठा घटला म्हणून एकूण मर्यादा निम्मी करायची झाली, तर ते टन सरकारला बाजारभावाने परत विकत घ्यावे लागणार होते. ऑरेंज रफीचं खरं वय पुढे येऊ लागलं, तशी मोठ्या कपातीची वेळ जवळ आली आणि त्या कपातीची किंमत डोळे पांढरे करणारी होती. अखेर १९९० मध्ये हक्क टनांऐवजी टक्क्यांत बदलण्यात आले. आता एकूण मर्यादा कमी झाली की प्रत्येकाचा वाटा आपोआप कमी होऊ लागला. साठा ढासळला तर तोटा कोटाधारकाचा, सुधारला तर फायदाही त्याचाच. कागदावर हा बदल एका शब्दाचा दिसतो. पण साठ्याच्या तब्येतीत उद्योगाचं हित खरं गुंतलं ते त्या दिवसापासून.

पुढची वीण हळूहळू घट्ट होत गेली. १९९२ च्या कायद्याने तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजाचा मासेमारीवरचा हक्क मान्य झाला आणि नव्याने कोट्यात येणाऱ्या प्रत्येक प्रजातीचा २० टक्के वाटा त्यांना मिळू लागला. १९९४ पासून संशोधनाच्या आणि देखरेखीच्या खर्चातला मोठा भाग उद्योगाकडूनच वसूल होऊ लागला. सरकारी निरीक्षक जहाजांवर जाऊ लागले, जहाज कुठे आहे ते उपग्रहावरून कळू लागलं. कोट्याहून जास्त मासा आला, तर तो समुद्रात फेकायचा नाही. तो किनाऱ्यावर आणायचा आणि त्याचा दंडवजा दर भरायचा, म्हणजे जास्तीच्या पकडीत नफाच उरत नाही. २००५ मध्ये कोटाधारकांनी मिळून डीपवॉटर ग्रुप ही ना-नफा संस्था काढली. सर्वेक्षणांना जहाजं पुरवणं आणि आपापसांत ठरलेले नियम कप्तानांपर्यंत पोचवणं ही कामं ती करू लागली.

होकीला जमलं

ही व्यवस्था काम करते का, हे पाहायचं तर होकीकडे वळावं. न्यूझीलंडची सर्वांत मोठी मासेमारी याच माशाची. तो राहतो २०० ते ८०० मीटर खोलीवर, आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं, आणि तीन ते पाच वर्षांत तो वयात येतो. कोटा पद्धत सुरू झाली तेव्हा त्याची मर्यादा अडीच लाख टनांची होती. २००१ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र मिळवणाऱ्या पहिल्या मोठ्या मासेमाऱ्यांमध्ये होकी होती.

पण १९९५ नंतरची काही वर्षं पिल्लं कमी जगली होती. त्याचा परिणाम दिसू लागताच मर्यादा खाली येऊ लागली. दोन लाख, एक लाख ऐंशी हजार, मग एक लाख, आणि २००७ मध्ये ९० हजार टन. सहा-सात वर्षांत उत्पन्न निम्म्याहून खाली उतरवणं कुठल्याही धंद्याला जड जातं. तरी ते झालं. पिल्लं जिथे वाढतात त्या चार क्षेत्रांत मोठ्या जहाजांनी होकीसाठी जाळं टाकायचं नाही, असं कंपन्यांनी आपसांत ठरवलं. साठा सावरला, आणि २०१४-१५ च्या सुमारास मर्यादा पुन्हा दीड लाख टनांच्या घरात गेली. त्यानंतर पकड पुन्हा मंदावू लागली, तेव्हा २०१८-१९ मध्ये कोटाधारकांनी सरकारची वाट न पाहता आपल्या हक्कातले २० हजार टन पकडायचेच नाहीत असं ठरवलं. मागाहून अधिकृत मर्यादाही उतरली.

तोच देश, तोच कायदा, बऱ्याच अंशी त्याच कंपन्या आणि तीच जहाजं. होकीच्या बाबतीत चूक दुरुस्त करता आली, कारण होकीची नवी पिढी चार-पाच वर्षांत तयार होते. माणसाच्या नोकरीच्या काळात, जहाजाच्या आयुष्यात, कर्जाच्या मुदतीत ती परत येते. ऑरेंज रफीची चूक दुरुस्त करायला ज्याच्या हातून ती झाली तो माणूस राहत नाही.

वाट बघणं

तरीही वाट बघितली गेली, आणि ती गोष्ट सांगितलीच पाहिजे. न्यूझीलंडच्या पश्चिमेला चॅलेंजर पठार आहे. तिथली ऑरेंज रफीची मर्यादा ऐंशीच्या दशकात १२ हजार टनांपर्यंत गेली होती. मग ती उतरत गेली. २००० साली साठा मूळच्या अगदी थोड्या टक्क्यांवर आल्याचा अंदाज निघाला आणि मर्यादा एक टनावर आणली गेली. एक टन म्हणजे व्यवहारात बंदी. दहा वर्षं तिथे व्यापारी जाळं पडलं नाही. २०१० मध्ये सर्वेक्षणांनी साठा वाढल्याचं दाखवल्यावर ५०० टनांपासून पुन्हा सुरुवात झाली.

या सर्वेक्षणांची एक अडचण मुद्दाम सांगण्यासारखी आहे. समुद्रात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे मोजतात. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते आणि प्रतिध्वनी मुख्यतः त्या हवेवरून परततो. ऑरेंज रफीच्या पिशवीत हवा नसते, मेणासारखं तेल असतं. त्यामुळे त्याचा आवाज क्षीण येतो, आणि शेजारून जाणारे हवेच्या पिशवीचे चिमुकले मासे त्याच्याहून मोठ्याने बोलतात. जहाजावरून पाहणाऱ्याला वाटतं, केवढा ऑरेंज रफी! यावर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि न्यूझीलंडच्या उद्योगाने मिळून तोडगा काढला. ध्वनियंत्र आणि कॅमेरे जाळ्यालाच बांधून माशांच्या जवळ खाली न्यायचे आणि ३८ व १२० किलोहर्ट्झ अशा दोन वेगवेगळ्या स्वरांत ऐकायचं. हवेचे मासे आणि तेलाचे मासे दोन स्वरांना वेगवेगळं उत्तर देतात, म्हणून ते वेगळे मोजता येतात.

अशा मोजणीच्या आधारावर डिसेंबर २०१६ मध्ये न्यूझीलंडच्या तीन ऑरेंज रफी साठ्यांना टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं. पर्यावरण संघटनांनी त्याला विरोध केला होता. विरोध निराधार नव्हता, हे पुढे दिसलं. चॅटम राइझच्या पूर्व आणि दक्षिण भागातला साठा मानला होता तितका सावरलेला नाही अशी चिन्हं आली आणि २०२३ मध्ये तिथली मर्यादा मोठ्या प्रमाणावर कापावी लागली. म्हणजे प्रमाणपत्राने प्रश्न मिटला नव्हता, मोजणीतल्या चुकीची शक्यता मर्यादा ठरवताना पुरती धरली गेली नव्हती. शाळेत बेरीज करताना हातचा विसरलो की उत्तर चुकायचं. खोल पाण्यातही हिशेबात हातचा धरावा लागतो, आणि तो माशाच्या बाजूचा असावा लागतो. शंका असेल तितकी मर्यादा कमी हवी.

तळाचं काय

मासा सावरेल. तळ सावरेल का? चॅटम राइझवरच्या टेकड्यांच्या एका समूहाला ग्रेव्हयार्ड म्हणतात, म्हणजे कब्रस्तान. त्यातल्या टेकड्यांची मॉर्ग, घूल, झॉम्बी, डायबॉलिकल अशी भुताखेतांची नावं जहाजांवरच्या माणसांच्या तोंडी होती, आणि तीच नकाशांवर गेली. या टेकड्यांवर दगडी प्रवाळांची झुडपं असतात. ती सूर्यप्रकाशावर जगत नाहीत. प्रवाहाबरोबर येणारे अन्नकण पकडून ती वर्षाला मिलीमीटरच्या आसपास वाढतात. जाळं खडकावर अडकू नये म्हणून त्याच्या खालच्या कडेला जड चाकं आणि गोळे असतात. ते एकदा फिरले, की शेकडो वर्षांचं झुडूप चुरा होऊन पडतं.

२००१ मध्ये न्यूझीलंडने १९ सागरी टेकड्या मासेमारीला बंद केल्या, त्यात मॉर्गही होती. तिच्यावर पूर्वी जाळी पडली होती. त्यानंतर तिथल्या जलसंशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ कॅमेरे घेऊन वारंवार त्याच टेकडीवर गेले. बंदीला पंधरा वर्षं झाल्यावरही प्रवाळ परत येत असल्याच्या खुणा त्यांना जवळजवळ दिसल्या नाहीत. जवळच्याच, जाळं न पडलेल्या टेकडीवर मात्र प्रवाळांचं रान शाबूत आहे.

म्हणून इथे एकच उपाय उरतो. जिथे जाळं पडलेलं नाही, तिथे ते पडूच द्यायचं नाही. २००७ मध्ये न्यूझीलंडने उद्योगाच्याच प्रस्तावावरून १७ क्षेत्रांत तळाला लागणारी जाळी बंद केली. ती क्षेत्रं मिळून देशाच्या आर्थिक क्षेत्राच्या सुमारे ३० टक्के होतात. टीकाकार म्हणतात की त्यातला बराच भाग इतका खोल आहे की तिथे जाळं पोचतच नव्हतं, आणि या म्हणण्यात तथ्य आहे. मासा जिथे जमतो त्याच टेकड्यांवर प्रवाळही असतात. म्हणून त्यातल्या काही टेकड्या सोडून देणं हा उद्योगासाठी खरा त्याग आहे, आणि त्याचं मोल तिथेच ठरतं. युरोपीय संघाने याहून सरळ रेघ मारली. २०१६ च्या नियमाने त्यांच्या पाण्यात ८०० मीटरच्या खाली तळाची जाळी ओढायला बंदी आहे.

हिंदी महासागर

हे सगळं फार लांबचं वाटेल, पण हाच मासा हिंदी महासागराच्या दक्षिण भागातही आहे. १९९९-२००० च्या सुमारास तिथल्या टेकड्यांवर जहाजांची झुंबड उडाली आणि थोड्याच वर्षांत ओसरली. ते पाणी कोणत्याच देशाचं नव्हतं, त्यामुळे मर्यादा घालायलाही कोणी नव्हतं. २००६ मध्ये तिथे मासेमारी करणाऱ्या कंपन्यांनीच एकत्र येऊन संघटना काढली आणि काही टेकड्या व उतार आपणहून बंद केले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नाजूक सागरतळ जपण्याचा ठराव केला. त्या भागासाठीचा आंतरराष्ट्रीय करार अमलात यायला २०१२ उजाडलं.

भारताचं आर्थिक क्षेत्र सुमारे २० लाख चौरस किलोमीटरचं आहे. किनाऱ्याजवळ मासा कमी झाला, तसा “खोल समुद्रात चला” हा आग्रह वाढतो आहे. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून त्यासाठी नौकांना मदत मिळू लागली. इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आपण ज्याला खोल समुद्रातली मासेमारी म्हणतो, ती बहुतेक खोल पाण्याच्या वरच्या थरातली असते, जसं कुप्याची. कुपा झपाट्याने वाढतो. हजार मीटर खालच्या तळावरचा मासा ही निराळी गोष्ट आहे. नव्वदच्या दशकात परदेशी भागीदारीतल्या जहाजांना परवाने दिले गेले, तेव्हा देशभरचे मच्छीमार त्याविरुद्ध उभे राहिले आणि सरकारने नेमलेल्या मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. तेव्हा वाद मुख्यतः कोणी पकडायचं याचा होता. पुढचा प्रश्न असेल, काय पकडायचं आणि त्याचं वय किती.

आपल्या किनाऱ्याला थांबणं नवं नाही. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यात लोटायच्या, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. दोन महिन्यांचं ते थांबणं बोंबील-पापलेटाच्या आयुष्याच्या मापाचं आहे. ज्याचं आयुष्य माणसाच्या दुप्पट-तिप्पट आहे, त्याच्यासाठी थांबायचं मापही तेवढंच मोठं लागेल. एखाद्या अधिकाऱ्याने आज घातलेल्या मर्यादेचं फळ त्याच्या नातवंडांना दिसेल. फणसाचं रोप लावणाऱ्याला हे कळतं. जहाजाच्या कर्जावर सही करणाऱ्यालाही ते कळलं पाहिजे.

एखादी चूक पुन्हा करायची नाही असं ठरवलं, की आपण म्हणतो, कानाला खडा लावला. ऑरेंज रफीच्या कानात तो खडा पहिल्यापासून होता. किती घ्यायचं आणि किती वर्षं थांबायचं, दोन्ही आकडे त्याच्यावर रेघांनी लिहिलेले होते. पुढच्या खेपेला कोणत्याही खोल पाण्यात, कोणत्याही नव्या माशावर जाळं सोडण्याआधी त्याचा खडा कापून, रेघा मोजून, मगच पहिला परवाना द्यावा. त्याला एक हिवाळा उशीर लागेल. मासा तेवढा थांबतो.